सात खाटा आणि एक लाल झेंडा

आमच्या घरासमोरचा रस्ता रुंद करायचं काम निघालं, तेव्हा जळगावात पहिली बातमी पसरली ती ट्रामची. चौकातल्या पानटपरीवर एकानं छातीठोकपणे सांगितलं, की मधोमध रूळ टाकणार आणि धुळ्यापर्यंत ट्राम जाणार. दुसऱ्यानं मेट्रोची बाजू लावून धरली. खरं काय ते त्या घोळक्यात फक्त मला माहीत होतं, कारण त्या कामावर मी नोकरीला होतो. रस्ता चौपदरी होणार, सिमेंटचा होणार आणि चौफुलीवर पूल येणार, एवढंच मी सांगितलं. ते कोणालाच आवडलं नाही. पिकतं तिथे विकत नाही, म्हणून मी पान खाल्लं आणि घरी आलो.

माझं पद सेफ्टी सुपरवायझरचं. मोठ्या ठेकेदाराच्या हाताखालचा जो छोटा ठेकेदार, त्याच्याकडे मी होतो. काम सुरू असलेल्या पट्ट्यात फलक लावायचे, प्लास्टिकचे केशरी शंकू मांडायचे, पत्र्याचे बॅरिकेड उभे करायचे, लुकलुकणारे दिवे टांगायचे आणि संध्याकाळी रजिस्टरमध्ये सगळं ठीक असल्याचं लिहायचं. प्रत्यक्षात मी आज सगळं मांडायचो आणि दुसऱ्या दिवशी ते कुठे गेलं हे शोधत फिरायचो.

शंकू सगळ्यात आधी जायचे. चार शंकू मला एका रसवंतीपुढे सापडले. मालकानं ते उलटे करून त्यांत तुळस लावली होती आणि मी मागायला गेलो तर म्हणाला, आता तुळस उपटणार का तुम्ही? लुकलुकणारा दिवा एका वरातीत नाचणाऱ्यांच्या डोक्यावर दिसला. 'सावकाश जा' हा फलक भज्यांच्या गाडीवर वारा अडवायला उभा होता, आणि खरं सांगायचं तर तिथे त्याचा उपयोग जास्त होत होता. नशिराबादजवळ केळीच्या एका बागेत बुजगावण्याच्या अंगावर आमचं चमकणारं जॅकेट मी स्वतः पाहिलं. बागवाला म्हणाला, रानडुकरं घाबरतात. मला बरं वाटलं. कोणीतरी घाबरत होतं.

'रस्ता बंद' या पाटीबद्दल तर काय सांगावं! आमच्याकडचा माणूस ती पाटी इतरांसाठी आहे असं समजून वाचतो. तो गाडी थांबवतो, खाली उतरतो, बॅरिकेड सरकवतो, गाडी पलीकडे नेतो, पुन्हा उतरतो आणि बॅरिकेड होता तिथेच नीट लावून ठेवतो. मी एकाला रंगेहाथ पकडलं. तो उलट माझ्यावरच नाराज झाला.

"भाऊ, मी परत लाई दिन्हं ना," तो म्हणाला, "मांगेतून कोणी घुसाले नको."

अशा लोकांची सुरक्षा माझ्या गळ्यात होती. ते एक वेळ चाललं असतं. पण त्या रस्त्याच्या काठावर माझी आई राहत होती.

आईला सगळी कॉलनी अक्का म्हणते. रुंदीकरणात आमचं पुढचं अंगण गेलं. मोजणी झाली तेव्हा फितीचं एक टोक मीच धरलं होतं. त्यानंतर आठवडाभर आईनं मला वेळेवर जेवायला वाढलं, पण माझ्याशी एक शब्द बोलली नाही. अंगण म्हणजे काही मोठं नव्हतं. पेरूचं एक झाड, कपडे वाळत घालायची तार आणि चार खाटा मावतील एवढी सारवलेली जागा. त्या जागेवर दर उन्हाळ्यात आई आणि चाची बिबडे घालायच्या.

चाची रस्त्यापलीकडे राहते. गाद्या आणि रजया भरणाऱ्यांचं घर आहे ते. चाचा गेल्यापासून दुकान मुलगा पाहतो. आईचं माहेर अमळनेरकडचं, चाचीचं शिरपूरचं. आई लग्न होऊन जळगावात आली तेव्हा इथल्या शेजारणींची बोली वेगळी. आईनं 'आहे'ला 'शे' म्हटलं की त्या तोंडाला पदर लावायच्या. मग एकदा गादी भरायला टाकायला गेली आणि आतून चाचीनं विचारलं, "कोठली शे व माय तू?" आई सांगते, त्या दिवशी ती गादी तिथेच टाकून दुपारपर्यंत बोलत बसली. चाचीची अहिराणी आईपेक्षाही अस्सल आहे. दोघींची गट्टी भाषेवरून जमली ती चाळीस वर्षं टिकली. गेल्या साली चाचीचे गुडघे गेले, तेव्हापासून रोज साडेनऊला आई तिच्याकडे चहाला जाते. ती एक कपाची वेळ आणि माझी खरडपट्टी सोडली तर आई दिवसभर प्रमाण मराठीत असते, आणि प्रमाण मराठीत ती फारशी हसत नाही.

आता त्या साडेनऊच्या मध्ये माझं काम आलं. रस्त्याचा आमच्या बाजूचा अर्धा भाग सिमेंट होऊन गुळगुळीत तयार होता, पण पुढे नाल्यावरचा तुकडा राहिल्यामुळे वाहतुकीला बंद. पलीकडच्या जुन्या अर्ध्यावर दोन्हीकडची वाहनं कोंबलेली. तिथे ट्रक मुंगीच्या पावलानं चालायचे, हात दाखवला की पार होता यायचं. खरी धास्ती होती ती बंद अर्ध्याची. पलीकडची कोंडी पाहून सगळे दुचाकीवाले माझे बॅरिकेड सरकवून त्या कोऱ्या सिमेंटवर घुसायचे आणि अंगात आल्यागत पळवायचे. दोन्ही दिशांनी. बंद आहे म्हणून चालणारा माणूस बेफिकीर, बंद आहे म्हणून चालवणाराही बेफिकीर.

एका सकाळी आई हातात पिशवी घेऊन निघाली. मी शंभर पावलांवर शंकू मोजत होतो. एक मोटारसायकल आली, तिच्या हँडलात आईची पिशवी अडकली आणि आई फिरून खाली बसली. मी धावत पोचलो तोपर्यंत मोटारसायकलवाला उतरून तिला समजावत होता.

"अक्का, रस्ता बंद आहे ना? मग तुम्ही कशाला येता इकडे?"

मी त्याची कॉलर धरली. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. आईच्या मनगटाला सूज आली होती, बाकी काही नव्हतं. पण तिला उचलायला वाकलो तर तिनंच उलट मला धरलं. नोकरी सेफ्टीची आणि आई रस्त्यात बसलेली. दिव्याखाली अंधार म्हणतात तो मी त्या दिवशी डोळ्यांनी पाहिला.

संध्याकाळी मी जाहीर केलं, की काम संपेपर्यंत चाचीकडे जायचं नाही. आईनं मनगटावर हळद बांधता बांधता विचारलं, "काम कव्हय सरी?"

"चार-सहा महिने."

"चाचीना गुडघा तितलं दिन थांबतीन का?"

मी आवाज चढवला. तीन दिवस आई गेली नाही. साडेनऊला दारात उभी राहायची. पलीकडे चाची ओट्यावर बसलेली असायची. दोघी हात हलवायच्या. मधून ट्रक गेला की हात खाली आणायच्या आणि ट्रक पुढे गेला की पुन्हा वर. मला ते बघवत नव्हतं, पण मी बघून न बघितल्यासारखं करत होतो.

चौथ्या दिवशी रविवार होता. घराबाहेर गलका ऐकून मी उठून आलो तर बंद रस्त्यावर, सिमेंटच्या मधोमध, सात खाटा आडव्या लावलेल्या. दोन आमच्या, बाकीच्या शेजारणींच्या. खाटांवर ओली लुगडी आणि धोतरं अंथरलेली. कडेला तीन विटांच्या चुलीवर भलं मोठं पातेलं, त्यात ज्वारीचा घाटा रटरटतोय, लसणाचा आणि तिळाचा वास पार चौफुलीपर्यंत गेलेला. आई पातेल्यात लाकडी दांडा फिरवत होती.

"हे काय चाललंय? हा रस्ता आहे!"

"हाई मन्हं आंगन शे," आई म्हणाली. "तुन्हा माणसेस्नी वर शिमिट टाकं, ते बेस व्हयनं. सारवानं काम वाचनं."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. बिबडे म्हणजे आमच्याकडचे ज्वारीचे पापड. तीन-तीन दिवस भिजवलेली ज्वारी, तिचं दळण, त्याचा घाटा, आणि तो चटके बसत असतानाच ओल्या हातानं कापडावर थापायचा. वर्षाची साठवण असते ती. खानदेशात जन्मलेल्या प्रत्येकानं लहानपणी ओल्या बिबड्यावर बोट ठेवलेलं असतं आणि त्या बोटाची किंमत पाठीवर मोजलेली असते. पुढे माणूस वकील होवो, आमदार होवो, ओला बिबडा दिसला की दोन पावलं मागेच सरकतो.

हे मला तेव्हा सुचलं नव्हतं. मला फक्त नोकरी जाताना दिसत होती. मी खाट उचलायला वाकलो, तेवढ्यात एक मोटारसायकल भरधाव आली आणि करकचून थांबली. गडी उतरला. सवयीनं त्यानं खाटेचा पाय धरला, बॅरिकेड धरतात तसा. मग त्याचं लक्ष वर गेलं. त्यानं हात काढून घेतला. आपली सावली बिबड्यांवर पडतेय हे बघून तो बाजूलाही झाला.

"अक्का, कव्हय वाळतीन?"

"दोन दिन."

"बरं," म्हणाला, आणि गाडी वळवून निघून गेला. त्याच्या मागचे दोघे, त्यांच्या मागचा एक, सगळे वळले. माझ्या पत्र्याच्या बॅरिकेडनं जे वर्षात केलं नव्हतं ते घाट्यानं एका सकाळी केलं. मी वाकलेलाच उभा होतो. आई म्हणाली, "आते सरय व्हय, आनि चाचीले लई ये."

मी स्टोअरमधून दोन केशरी जॅकेटं आणली. चाचीला ओढणीवरून एक घातलं. तिनं पट्टे चाचपून पाहिले आणि विचारलं, "बेटा, हाई मन्हा आंगवर कसं दिखस?" मी म्हटलं, साहेब दिसता. मग एका बाजूला मी, दुसऱ्या बाजूला तिचा मुलगा, आणि माझ्या हातात लाल झेंडा, असे आम्ही ट्रकांच्या मधून वाट काढत आलो. चाची खाटेशी बसली, हात पाण्यात बुडवला आणि पहिला बिबडा थापला. पुढचे तीन तास त्या दोघी काय बोलत होत्या ते मला निम्मं कळलं नाही, इतक्या वेगानं बोलत होत्या आणि इतक्या हसत होत्या. आईला तशी हसताना बघून मला माझीच लाज वाटली.

एकदा रीत पडली की कॉलनी मागे राहते होय? बिबडे झाले, मग कुरडया आल्या, मग शेवया, मग कोणाचे तरी पुन्हा बिबडे. सातही खाटा रोज सकाळी रस्त्यात आणि संध्याकाळी घरात. आमच्या पट्ट्यातून दुचाकी जायची बंद झाली. आईचं साडेनऊचं जाणं पुन्हा सुरू झालं. मी रजिस्टरमध्ये 'बॅरिकेड योग्य स्थितीत' असं लिहीत होतो, आणि ते इतक्या दिवसांत पहिल्यांदा खरं होतं.

मग धुळ्याहून तपासणीला मोठे साहेब आले. न सांगता आले. जीप खाटांपाशी थांबली आणि मी रजिस्टर काखेत मारून धावलो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"हे काय आहे?"

"सर, तात्पुरती व्यवस्था."

"कोणाची?"

तेवढ्यात पलीकडून एक जण मोटारसायकलवर आला, खाटा बघून चडफडत वळला आणि गेला. साहेब त्याच्या पाठीकडे बघत राहिले. मग माझा पत्र्याचा बॅरिकेड कुठे आहे असं त्यांनी विचारलं. तो आमच्याच कॉलनीत एका म्हशीच्या गोठ्याचं दार झाला होता. मी म्हटलं, दुरुस्तीला गेलाय.

एव्हाना आईनं वाटीत गरम घाटा आणि वर कच्चं शेंगदाण्याचं तेल घालून ती त्यांच्यापुढे धरली होती. साहेबांनी नको नको म्हणत वाटी घेतली. दुसरी वाटी त्यांनी स्वतः पुढे केली. हात धुताना त्यांचा आवाज पुन्हा साहेबाचा झाला.

"हे सगळं ताबडतोब काढायचं," ते मला म्हणाले. मग खाटांकडे बघून जरा थांबले. "म्हणजे, आज थापलंय ते वाळलं की."

मी तेवढ्यात धीर करून त्यांना दुसरा विषय सांगितला. रस्ता सुरू झाल्यावर इथे म्हाताऱ्या माणसांनी पलीकडे कसं जायचं? पांढरे पट्टे हवेत, गतिरोधक हवा. साहेब म्हणाले, लेखी द्या. मी लेखी दिलं. तीन वेळा दिलं. तिन्ही वेळा उत्तर आलं, की बाब विचाराधीन आहे.

बाब विचाराधीन असतानाच नाल्यावरचा तुकडा पूर्ण झाला. नारळ फुटला, फीत कापली, माझे उरलेसुरले शंकू टेम्पोत गेले आणि रस्ता सुरू झाला. चारी पदर मोकळे. आजवर मुंगीच्या पावलानं चालणारे ट्रक आता सणसणत जाऊ लागले. दुभाजकात आमच्या घरासमोर माणूस जाईल एवढी फट ठेवली होती, ती मीच भांडून ठेवून घेतली होती. पण फटीपर्यंत पोचायचं कसं, ते नकाशात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साडेनऊला मी दारातून बघत होतो. आई कडेला उभी राहिली. एक पाय पुढे टाकला, मागे घेतला. पुन्हा टाकला, पुन्हा घेतला. पदर कमरेला खोचून तिनं हात दाखवला. कोणी थांबलं नाही. जन्मभर ही बाई कशाला भ्याली नव्हती, आणि माझ्या कंपनीनं केलेल्या रस्त्याच्या कडेला ती घाबरून उभी होती. मला रडू आलं आणि लगेच राग आला. झेंडा घेऊन मी धावत गेलो आणि रस्त्याकडेला जोरजोरात हलवला. एका ट्रकवाल्यानं मला हात हलवून दाखवला आणि तो पुढे गेला. आई परत फिरली. पलीकडे चाची ओट्यावर हात वर करून बसली होती, तो हात तिनं बऱ्याच वेळानं खाली घेतला.

त्याच्या दुसऱ्या दिवशी आई मला म्हणाली, "खाट धर."

अंगणात, म्हणजे अंगणाच्या उरलेल्या दोन हात जागेत, खाट होती. तिच्यावर ओलं लुगडं अंथरलेलं, चारी कडा खाली सोडलेल्या. मी म्हटलं, रस्त्यात आता खाट टाकायची नाही, रस्ता चालू झालाय. आई म्हणाली, टाकायची नाहीच, न्यायची. पुढचं टोक तिनं धरलं, मागचं मी.

आम्ही कडेला आलो, झेंडा मी काखेत धरला होता, आणि आईनं पहिलं पाऊल टाकलं. उजवीकडून केळीचा ट्रक येत होता. ड्रायव्हरनं ओलं लुगडं बघितलं आणि ब्रेक दाबला. त्याच्या शेजारच्या कारनं दाबला. मागचे थांबत गेले. आम्ही दुभाजकाच्या फटीत पोचलो, खाट तिरपी करून पलीकडे काढली, आणि तिकडची वाहनंही थांबली. एका रिक्षावाल्यानं डोकं बाहेर काढून विचारलं, "अक्का, घाटा उरेल शे का?" आई सरळ चाचीच्या ओट्याकडे बघत चालली होती.

खाट तिरपी केली तेव्हा लुगडं एका बाजूनं सरकलं होतं, आणि तेव्हाच माझ्या लक्षात आलं. बिबड्यांचे दिवस सरले होते. लुगड्यावर काहीच नव्हतं.

"आई, ही खाट रिकामी आहे!"

आई थांबली नाही. मान न वळवता म्हणाली, "तिरडी दिखनी ते बठ्ठा थांबतस. जित्ता माणूससाठे कोन्ही काबर थांबत नही?"

ओट्यावर चाची केशरी जॅकेट घालून बसली होती. ते मी परत मागितलं नव्हतं. आम्ही खाट तिच्यापुढे टेकवली, आई खाटेवरच बसली, आणि चाचीनं आत हाक मारून चहा ठेवायला सांगितलं. मला कामावर जायचं होतं, पण मी थांबलो. तासाभरानं खाटेचं मागचं टोक पुन्हा धरायचं होतं.